खडकावरचे कालवे

लग्नकार्यात कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" तर मी सांगते, "मासे काढते." समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसतो, मग कणव. रांजणगावच्या कंपनीत इतकी वर्षं डिझाइनला असलेली बाई घोडनदीत जाळं टाकायला लागली, म्हणजे घरी काहीतरी मोठंच बिनसलं असणार! मीही लगेच खुलासा करत नाही. एवढी गंमत या वयात करू द्यावी माणसाला.

शिरूरला ऑफिससाठी जागा शोधत होतो तेव्हाही असंच झालं. गाळ्याचे मालक आप्पा गळ्यात माळ घातलेले, शिस्तीचे. धंदा कसला, असं त्यांनी विचारलं. आमचा अक्षय उत्साहानं म्हणाला, "समुद्राचं काम आहे आप्पा. मासे, खेकडे, सगळं." आप्पांनी काढलेली किल्ली परत खिशात घातली. "आवो, खाली माझं दुकान हाय, वर देवघर हाय. वास किती मारंल!" मग अक्षयनं टॅब काढून आप्पांच्या सतरंजीवर एक कासव पोहायला सोडलं. आप्पा टॅबच्या मागं जाऊन बघून आले, सतरंजीवर हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्याला वास न्हाई. ऱ्हावा." आमच्या धंद्याची याहून सोपी व्याख्या मला अजून जमलेली नाही.

तरी सांगते. मोबाइल किंवा टॅबचा कॅमेरा आपण खोलीतल्या जमिनीवर धरतो. पडद्यावर ती जमीन तर दिसतेच, पण तिच्यावर एक खडक उभा राहतो, त्याच्यावर शिंपल्या, भोवती मासे. आपण गुडघ्यावर बसलो की खडकाच्या खालची बाजू दिसते, चालत मागं गेलो की मागची. वस्तू तिथं नसते, पण असल्यासारखी जागच्या जागी राहते. यासाठी टॅबला जमीन ओळखावी लागते. त्याला जमीन म्हणून काही कळत नाही, तिच्यावरचे डाग, भेगा, चटईच्या कडा असल्या खुणा कळतात. त्या खुणा धरून तो हिशेब मांडतो. हे एवढं लक्षात ठेवा, कारण याच गोष्टीनं एकदा आमचं तोंडचं पाणी पळवलं होतं.

मी मूळची साच्यातली बाई. वॉशिंग मशीनचे टब, गाड्यांचे प्लास्टिकचे भाग, असले साचे मी कॉम्प्युटरवर काढायचे. पुढे कंपनीनं आमचं डिझाइनचं खातं दुसऱ्या राज्यात हलवलं आणि आम्हाला हार, नारळ देऊन निरोप दिला. कारेगावच्या घरात बसून मी भिंती बघत होते तेव्हा अक्षयचा फोन आला. हा दौंडच्या रेल्वे कॉलनीतला मुलगा, कधीकाळी आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेला. पुण्यातल्या एका ट्रस्टनं त्याला शाळांसाठी समुद्राचं ॲप करायला दिलं होतं. "ताई, प्रोग्रॅमिंग मी करतो. पण वस्तूला आकार द्यायला मला तुमच्याइतकं चांगलं माणूस माहीत नाही," तो म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या बाईला असं वाक्य ऐकायला मिळत नाही हो. मी दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली.

आकार मी दिले, पण सवय साच्याची. माझा पहिला मासा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा, कडा गुळगुळीत, कुठे वाकडं नाही की तिकडं नाही. अक्षयनं तो पडद्यावर फिरवून बघितला आणि म्हणाला, "ताई, हा बाइकला मडगार्ड म्हणून बसेल." राग आला, पण खरं होतं. जिवंत वस्तू थोडी वाकडीच असते हे मला नव्यानं शिकावं लागलं. मग मी दौंडच्या मासळीबाजारात जाऊन बसायला लागले. उजनीची मासळी तिथे येते. विकणाऱ्या बायकांना आधी वाटलं मी नगरपालिकेची आहे. नंतर त्या हाका मारून मासे दाखवायला लागल्या. परडीत तडफडणारा मासा कसा वळतो, कल्ले कसे हलतात, सगळं मी तिथे बघितलं आणि मोठ्या अभिमानानं पोपटमासा काढला. रत्नागिरीकडच्या एक प्राध्यापकबाई आमचं काम शास्त्राच्या नजरेनं तपासायच्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो मासा बघितला आणि म्हणाल्या, "मंदाताई, रंग छान आहेत. पण हा चिलापी आहे. प्रवाळात गोड्या पाण्यातला मासा कसा आला?" माझ्या सगळ्या समुद्राचं तोंड उजनीच्या चिलापीचं झालं होतं! सगळी तोंडं पुन्हा काढली.

समुद्र असा उभा राहत होता, पण तो बोलणार कोणत्या भाषेत, हे ठरलेलं नव्हतं. ट्रस्टचं म्हणणं एकच, इंग्रजी. बऱ्याच राज्यांत टॅब जाणार होते. प्रत्येक भाषा वाढवायची म्हणजे लिहिणं, आवाज, तपासणी, सगळं पुन्हा. आम्ही मराठीचा हट्ट धरला. शेवटी ट्रस्टच्या रेवती मॅडमनी तोड काढली. एका मराठी शाळेत मराठीतून चाचणी घ्यायची. मुलांना विषय कळला तर मराठी ठेवायची, नाही तर टॅब इंग्रजीच येतील.

हे सगळ्यात जास्त ज्यांच्या जिवाला लागलं त्या वंदना मॅडम. वरवंडपासून आत, कालव्याच्या कडेला एक जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथल्या त्या शिक्षिका. ॲपचा मराठी मजकूर त्यांनी लिहिला आणि आवाजही त्यांचाच. त्यांच्या पोरांनी समुद्र बघितलेला नव्हता, आणि इंग्रजी टॅब आले तर पोरं नुसती चित्रं बघत बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. "मंदाताई, आपली पोरं मुकी ठेवायची का त्यांनी?" त्या मला म्हणाल्या होत्या. आवाज कुठं रेकॉर्ड केला माहितीये? शाळेच्या कोठीत, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून. पोत्यांमुळं आवाज घुमत नाही. मॅडम एका पोत्यावर, मी दुसऱ्यावर, आणि बाहेर खिचडीचा वास. कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, परत सुरू करायचं. इतक्या सुखात मी कंपनीच्या एसी मीटिंगरूममध्ये कधी बसले नव्हते.

मजकुरातलं एक वाक्य असं होतं: "भरती आली की खडकावरचे कालवे उघडतात, ओहोटी लागली की मिटून बसतात." किनाऱ्यावर कालव म्हणजे खडकाला चिकटून राहणारी शिंपली; एक कालव, अनेक कालवे. प्राध्यापकबाईंनी तो शब्द सुचवला, आम्हाला आवडला, घातला. त्या वाक्यात आम्ही काय पेरून ठेवलंय, हे कालव्याच्या काठी राहणाऱ्या आम्हा दोघींनाही कळलं नाही, याचं आजही नवल वाटतं.

चाचणीच्या दिवशी शिरूरहून न्हावरा-चौफुला रस्त्यानं आम्ही निघालो. आदल्या दिवशीच तिथं जाऊन सगळं तपासून आलो होतो, त्यामुळे निश्चिंत होतो. वर्गात पाऊल टाकलं आणि अक्षयचा चेहरा उतरला. ट्रस्टच्या पाहुण्या येणार म्हणून गावानं वर्ग धुऊन, पुसून, पुन्हा कोरड्या फडक्यानं घासून काढला होता. चटया उचललेल्या. एका कंपनीनं शाळेला पांढऱ्याशुभ्र चकचकीत फरश्या बसवून दिल्या होत्या, त्यांत आपलं तोंड दिसत होतं. एक डाग नाही, एक खूण नाही. टॅबला जमीनच सापडेना! अक्षय इकडे धरतोय, तिकडे धरतोय. समुद्र काही केल्या उभा राहत नाही. आणि स्वच्छता केली म्हणून कुणाला बोलायची सोय नाही. दारात उभ्या असलेल्या मावशी कौतुकानं विचारत होत्या, "लखलखीत केलंय ना?"

तेवढ्यात रेवती मॅडमची गाडी आली. अक्षय गडबडीनं दाराकडे वळला, हातातला टॅब खाली झुकलेला, आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या रांगोळीवर अख्खा खडक मासे घेऊन उभा राहिला. "ताई, रांगोळीवर लागलं!" तो केवढ्यानं ओरडला! वंदना मॅडमना काही समजावून सांगायला लागलं नाही. त्यांनी मुलींना हाक मारली. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत त्या पांढऱ्या फरशीवर लाल, निळ्या, हिरव्या ठिपक्यांची भलीमोठी रांगोळी पसरली होती, आणि तिच्यावर समुद्र मुकाट्यानं येऊन बसला.

पोरं हरखली. कासवाच्या मागं फिरली, खेकडा चावू नये म्हणून पाय वर घेतले. वंदना मॅडमचा आवाज टॅबमधून बोलत होता आणि त्या स्वतः भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत तेच शब्द म्हणत होत्या. सगळं झाल्यावर रेवती मॅडम मुलांसमोर बसल्या. बाई प्रेमळ, मराठी शाळेतच शिकलेल्या. पहिला प्रश्न त्यांनी सोपा म्हणून विचारला.

"भरती म्हणजे काय, कोण सांगेल?"

सगळ्यांचे हात वर. "पोलीस भरती!"

"माझा दादा रोज पळायला जातोय. भरती आली की ग्राउंडवर पळावं लागतंय," दुसऱ्यानं माहिती पुरवली.

रेवती मॅडम हसल्या. "बरं. पण समुद्राला भरती येते म्हणजे?"

मग मागून एकजण म्हणाला, "नेव्हीची!" आणि सगळ्यांना ते एकदम पटलं.

मला हसू दाबता येईना आणि वंदना मॅडमकडे बघवेना. त्यांनी घाईनं विचारलं, "आरं, कालवे उघडतात असं ऐकलं ना आत्ता? मग काय उघडतं?"

"गेट, बाई. गेट उचलत्यात. मंग पानी सुटतं."

हे ऐकल्यावर मात्र रेवती मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. फार हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाल्या, "वंदनाताई, माझा मराठीला विरोध नाही. पण मुलांना भरती माहीत नाही, कालव माहीत नाही. नवेच शब्द शिकायचे असतील तर इंग्रजी शिकलेले काय वाईट?"

कोठीतल्या पोत्यांवर बसून केलेलं सगळं काम चार मुलांच्या खऱ्या उत्तरांनी निकालात निघालं होतं, आणि त्या मुलांचं काही चुकलंही नव्हतं.

एक मुलगी मात्र आमच्याकडे वळलीच नव्हती. आरती तिचं नाव. ती टॅब हातात धरून रांगोळीपाशी गुडघ्यावर बसली होती आणि पाणी चढताना, उतरताना परत परत बघत होती. तिथूनच म्हणाली, "आरं, ह्यो आपला कालवा न्हाई. ह्ये जनावर हाय. पानी आलं की तोंड उघडून खातंय, गेलं की मिटून बसतंय. ह्ये पानी सोडत न्हाई, पान्याची वाट बघत बसलंय. आपल्यावानी."

रेवती मॅडम उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. "मग पाणी कधी येतं याला?"

"दिसातनं दोनदा. टॅबमधल्या बाई म्हनल्या ना. म्हंजी समुद्राला रोज दोन आवर्तनं सुटत्यात." मग तिनं बोट खडकाच्या वरच्या टोकाला लावलं. "पर बाई, ह्ये वरचे टेलचे हायत ना?"

"टेलचे म्हणजे?"

"शेवटाचे. चारीच्या शेवटाला आमचं रान हाय. आदी तोंडाजवळचे पानी घेत्यात. आमच्यापातूर येस्तवर आवर्तन बंद. ह्या वरच्या कालवांना बी पानी समद्यांच्या शेवटी मिळतंय आन् समद्यांच्या आदी जातंय. मंग ते जगत्यात कसे?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे धरणातून कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. कालव्याच्या किंवा त्याच्या फाट्याच्या, म्हणजे चारीच्या, शेवटी ज्याचं रान, तो टेलचा. त्याच्या वाट्याला काय उरतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत असतं. आणि खडकावर खालचे जीव वेगळे, वरचे वेगळे, वरच्यांना कोरडं राहून तग धरावा लागतो, हा त्या धड्यातला खरा अवघड भाग. आम्ही तो मुलांना झेपणार नाही म्हणून गाळला होता.

रेवती मॅडमनी टॅब हातात घेऊन खडकाचं वरचं टोक जवळून बघितलं. मग म्हणाल्या, "वंदनाताई, शब्द तर इंग्रजीच निघाला की. टेल!"

वंदना मॅडम लगेच पुढं सरसावल्या. "इथं येऊन मराठी झालाय बाई तो. आमच्या आज्यापासून आमचाच आहे."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की मुलंही कारण न कळता हसायला लागली. निघताना रेवती मॅडमनी अक्षयला एवढंच सांगितलं, "मराठी राहू दे. आणि या मुलीचा प्रश्न ॲपमध्ये घाला. उत्तरही नीट द्या." वंदना मॅडम मान वळवून फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही परत पोत्यांवर जाऊन बसलो. भरतीचं वाक्य ठेवलं, पण त्याच्यापुढे मॅडमच्या आवाजात एक भर घातली: "जसं आपल्या कालव्याला आवर्तन सुटतं, तसं समुद्राच्या खडकांना दिवसातून दोनदा पाणी येतं. वरच्या टोकाचे कालवे म्हणजे टेलचे." त्या टेलच्या कालवांसाठी मी खास वेगळी कवचं काढली, जाड, खडबडीत, ओबडधोबड. घट्ट मिटली की आतला ओलावा धरून ठेवणारी. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर कंपनीतला एकही साचा मी सांगणार नाही. त्या कालवांचं नाव सांगेन.

ॲप शाळांमध्ये गेलं. काही ठिकाणी टॅब कपाटातच राहिले, काही ठिकाणी चार्जर हरवले, याची हळहळ आहे. पण या कामानं मला जे दिलं ते मोजायला बसले तर उतराई होणं शक्य नाही. साच्याच्या कामात माझा टब कुणाच्या घरी गेला, हे मला कधी कळलं नाही. इथे पोरं मला "मासेवाल्या ताई" म्हणून रस्त्यात हाक मारतात. अक्षयनं विश्वास टाकला, मासळीबाजारातल्या बायकांनी शिकवलं, वंदना मॅडमनी मैत्रीण मानलं. सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

आणि मग एक दिवस रत्नागिरीच्या प्राध्यापकबाईंचा फोन आला. किनाऱ्यावरच्या एका शाळेत त्यांनी मराठी ॲप दिलं होतं. तिथली मुलं भरती, ओहोटी, कालव सगळं आधीच जाणत होती. पण वंदना मॅडमच्या त्या भर घातलेल्या वाक्यापाशी अख्खा वर्ग अडला होता. आवर्तन म्हणजे काय? टेल म्हणजे काय? मला आधी धसका बसला, आता ते वाक्य काढायला सांगणार. बाई म्हणाल्या, "काढू नका. मुलांना तुमच्या शाळेशी बोलायचंय."

तसा व्हिडिओ कॉल लावला. इकडं आमचा वर्ग, तिकडं त्यांचा. मी अक्षय आणि वंदना मॅडमच्या मध्ये बसले होते. तिकडची एक दोन वेण्यांची मुलगी पुढं आली आणि आरतीला विचारायला लागली.

"तुमच्याकडे पाणी कोण सोडतं?"

"पाटकरी मामा. सायेबाचा हुकूम आला की सोडत्यात."

"म्हणजे माणूस सोडतो?"

"व्हय."

त्या मुलीला हे भलतंच वाटलं. तिनं मागं वळून मैत्रिणींना सांगितलं, तिकडे कुजबुज झाली. मग तिनं विचारलं, "आणि नाही सोडलं तर?"

आरतीनं खांदे उडवले. "मंग मिटून बसायचं. कालवांवानी."

वंदना मॅडमनी माझा हात धरला. ती मुलगी पडद्याच्या अगदी जवळ आली, इतकी की तिचं नाक तेवढं मोठं दिसायला लागलं.

"मग तुम्ही सगळी इकडेच या ना," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. येतंच."

आमचा वर्ग चटयांवरून उठला आणि सगळे एका सुरात ओरडले, "व्हय!"